कागदी माणसाची विलापिका

फ्रीडरिश टोरबेर्ग यांची ‘एका फुटबॉलपटूच्या मृत्यूवर’ ही जर्मन कविता अवघ्या चाळीस ओळींची आहे. चार-चार ओळींची दहा कडवी, एकाआड एक जुळणारी यमकं आणि शाळकरी पोरालाही सहज पाठ व्हावी अशी सोपी चाल. विलापिका म्हटलं की टाहो, दैवाला दूषणं, मृताला मारलेल्या हाका अशी आपली अपेक्षा असते. टोरबेर्ग त्या वाटेला फिरकत नाहीत. स्वतःविषयी तर ते चकार शब्द काढत नाहीत. ‘मी’ हे सर्वनाम कवितेत शोधून सापडत नाही. वाक्यामागून वाक्य ‘तो’पासून सुरू होतं. तो कुठला, तो कसा खेळायचा, त्याला काय ठाऊक होतं. कॉफीगृहात पलीकडच्या टेबलावर कुणीतरी कुणाला तरी सांगतं आहे आणि आपल्या कानावर पडतं आहे, असा एकूण स्वर. फुटबॉलच्या चाहत्यांनी आपल्या खेळाडूंसाठी केलेले शोक मी बरेच वाचले आहेत. इतका कमी बोलणारा आणि तरी इतका आत जाणारा दुसरा चटकन आठवत नाही.

हा ‘तो’ म्हणजे मातियास सिंडेलार. व्हिएन्नातल्या ‘ऑस्ट्रिया’ या क्लबचा सेंटर फॉरवर्ड आणि १९३०च्या दशकात युरोपनं ‘वुंडरटीम’ म्हणून ज्याला डोक्यावर घेतलं त्या ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघाचा प्राण. २३ जानेवारी १९३९ला आनागासे या गल्लीत, मैत्रिणीच्या घरी, तो मेलेला सापडला. छत्तिसावा वाढदिवस अठरा दिवसांवर आला होता. त्याच्या आदल्या मार्चमध्ये हिटलरच्या फौजा व्हिएन्नात शिरल्या होत्या आणि ऑस्ट्रिया नावाचा देशच नकाशावरून पुसला गेला होता. क्लबचं नावही काही महिन्यांसाठी बदलून ‘ओस्टमार्क’ करण्यात आलं होतं, कारण नव्या राज्यात ‘ऑस्ट्रिया’ हा शब्दच नको होता.

टोरबेर्ग व्हिएन्नात १९०८ साली जन्मलेले ज्यू लेखक. खेळ त्यांनी केवळ प्रेक्षक म्हणून पाहिलेला नव्हता. प्रागच्या हागिबोर क्लबकडून ते वॉटर पोलो खेळत, आणि १९३५ साली त्यांनी खेळाडूंच्या संघावर एक कादंबरीही लिहिली. नाझींमुळे ते परागंदा झाले: आधी झ्युरिक, मग पॅरिस, शेवटी अमेरिका. व्हिएन्नाला परतले ते थेट १९५१मध्ये. सिंडेलारच्या अंत्ययात्रेला व्हिएन्नातली हजारो माणसं लोटली होती. टोरबेर्गना तिथं जाणं शक्यच नव्हतं. कविता या परागंदा काळातली आहे आणि पुढे १९५८च्या ‘लेबेन्सलीड’ या संग्रहात ती आली. ज्याला खांदा द्यायला जाता आलं नाही, त्याच्यासाठी परक्या मुलखात बसून लिहिलेल्या या ओळी आहेत, हे लक्षात ठेवलं की त्यांतला कोरडेपणा वेगळा वाटू लागतो.

सुरुवात होते ती पत्त्यानं आणि नावानं. हा फावोरिटेनचा पोर, नाव अमुक, मैदानाच्या मधोमध उभा राहायचा कारण सेंटर फॉरवर्ड होता. एवढंच. सरकारी नोंदवहीत लिहावं तसं. पण फावोरिटेन म्हणजे काय ते माहीत असलं की या नोंदीला धार येते. व्हिएन्नाच्या दक्षिणेचा हा कामगारांचा भाग. तिथल्या वीटभट्ट्यांवर राबायला बोहेमिया-मोरावियातून चेक मजूर आले आणि तिथलेच झाले. सिंडेलारही जन्मानं फावोरिटेनचा नव्हता. मोरावियातल्या कोझ्लोव्ह या खेड्यात १९०३ साली तो जन्मला आणि आईबापांच्या कडेवरून व्हिएन्नात आला. बाप गवंडी, १९१७ साली इझोन्झोच्या आघाडीवर मारला गेला. आईनं लोकांचे कपडे धुऊन पोरं वाढवली. चेंडू गल्लीतला, मैदान म्हणजे पडीक जागा. आणि हा मुलगा पुढे कुठल्या क्लबाचा झाला, तर कॉफीगृहांत बसणाऱ्या, शिकल्यासवरल्या, बऱ्याचशा ज्यू मध्यमवर्गाच्या लाडक्या ‘ऑस्ट्रिया’चा. टोरबेर्ग हे काही सांगत नाहीत. त्यांना फक्त त्या भागाचं नाव घ्यायचं आहे, आणि बाकीचं व्हिएन्नाच्या माणसानं आपणहून जाणायचं आहे.

या पहिल्या कडव्यातली एक करामत कानाला आधी कळते, डोक्याला नंतर. ‘सिंडेलार’ या नावाचं यमक कवीनं जुळवलं आहे ते ‘होता’ या अर्थाच्या क्रियापदाशी. कवितेच्या शीर्षकानं मृत्यू जाहीर केलेला आहेच. पण नाव पहिल्यांदा उच्चारतानाच भूतकाळ त्याला चिकटतो तो असा. दुसरा एखादा कवी इथं उसासा टाकता. टोरबेर्ग व्याकरणावर काम भागवतात.

पुढची दोन कडवी मला सगळ्या कवितेत सर्वांत मोलाची वाटतात. त्यांत सिंडेलारच्या खेळाचं वर्णन आहे, आणि ते वाचताना फसायला होतं, कारण ते कुठल्याही आवडत्या खेळाडूचं असावं तसंच दिसतं: कल्पकता, खेळकर बुद्धी, सहजपणा. मग शेवटी दोन छोटी वाक्यं येतात. तो कायम खेळतच असे, असं पहिलं सांगतं, आणि झुंजण्याच्या वाट्याला तो कधी गेला नाही, असं दुसरं. आज हे वाचणाऱ्याला ती स्तुती अर्धवट वाटेल. झुंजार असणं हे आपल्याकडे, आणि सगळीकडेच, खेळाडूचं भूषण मानलं जातं. पण कविता ज्या काळात लिहिली गेली त्या काळात ‘झुंज’ हा शब्द कुणाच्या तोंडी होता? हिटलरच्या पुस्तकाच्या नावातच तो आहे. भाषणांत, फलकांवर, शाळांच्या कवायतींत, जिथं-तिथं लढा आणि झुंज यांचाच गजर चाललेला. अशा वेळी एखाद्याबद्दल ‘हा कधी झुंजला नाही, खेळला’ म्हणणं म्हणजे त्याला ती सगळी भाषाच मानवत नव्हती असं म्हणणं. एकही राजकीय शब्द न वापरता केलेलं हे कवितेतलं सर्वांत राजकीय विधान आहे.

गंमत अशी की त्या विधानाला एक अगदी शारीरिक कारणही आहे. तरुणपणीच सिंडेलारच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. खेळणं सुटतं की काय अशी भीती होती. नंतर तो गुडघ्याला पट्टा बांधून खेळू लागला आणि अंगाला अंग भिडवणं त्यानं टाळलं ते टाळलंच. बचावपटू अंगावर येण्याआधी चेंडू पुढे गेलेला असायचा आणि हाही सटकलेला असायचा. अंगानं किडकिडीत, हालचाल अशी की वाऱ्याच्या झुळकीसरशी निघाला. म्हणून लोक त्याला ‘कागदी’ म्हणत. ही चाल त्याची एकट्याची राहिली नाही. जमिनीलगतचे आखूड पास, एकाकडून दुसऱ्याकडे, विणल्यासारखे, हा व्हिएन्नाचा खेळच होऊन बसला. राष्ट्रीय संघाचे सर्वेसर्वा हुगो माइझल यांना आरंभी त्याचं फारसं कौतुक नव्हतं, आणि बराच काळ त्यांनी सिंडेलारला बाहेर ठेवलं. रिंग कॅफेत जमणाऱ्या फुटबॉलवेड्या मंडळींनी त्यांना घेरून हट्ट धरला तेव्हा कुठे १९३१मध्ये ते नमले, असं सांगतात. १६ मे १९३१ला स्कॉटलंडवर ५-० असा विजय मिळाला. मग जर्मनीला बर्लिनमध्ये ६-० आणि व्हिएन्नात ५-०. हंगेरीला ८-२. डिसेंबर १९३२मध्ये लंडनला इंग्लंडकडून हरले ते ४-३ असे, आणि त्या हरण्याचंही युरोपभर कौतुक झालं.

चौथ्या कडव्यावर फार थांबायला नको. सोनेरी केस बाजूला उडवत, देवाच्या भरवशावर पुढे धावणारा हा खेळाडू थोडा चित्रातला वाटतो. यमकाची गरज इथं कवीपेक्षा वरचढ झाली असावी.

पाचव्यात मात्र कवितेला पुन्हा तेज चढतं, आणि ते स्थळनामांमुळे. होहे वार्टे, प्राटर, स्टेडियम. हीच ती मैदानं, जिथं लोक त्याच्या नावानं गर्जत. होहे वार्टे हे शहराच्या उत्तरेकडचं, उतारावरचं मोठं मैदान. स्कॉटलंडला पाणी पाजलं ते इथं. प्राटरमधलं स्टेडियम त्याच १९३१ साली उभं राहिलं. परागंदा माणूस रडायला बसला की बहुधा नकाशा काढून बसतो. कुठल्या गल्लीतून कुठे निघायचं, ट्रॅम कुठे बदलायची, सामना संपल्यावर कुठे बसायचं. टोरबेर्गनी तीन नावांत भागवलं आहे. पण तो जल्लोष आपल्याला ऐकू येतो तो आपण तिथं नसल्यासारखा, लांबून. प्रतिस्पर्ध्याला हसत हसत चकवून सिंडेलार निघून जातो आणि कडवं संपतं. वाक्य संपत नाही. ओळीच्या टोकाला एक आडवी रेघ उरते.

त्या रेघेनंतर ‘एके दिवशी’ म्हणून दुसरा प्रतिस्पर्धी येतो. परका, भयंकर, आवाक्याबाहेर बलाढ्य, आणि ज्याच्यापुढे खेळाचे नियम लागूच पडत नाहीत असा. सहाव्या आणि सातव्या कडव्यात व्हिएन्नाचं पतन सांगून होतं, पण हिटलर, नाझी, जर्मनी, सैन्य यांपैकी एकही शब्द येत नाही. आक्रमण म्हणजे एक दांडगा फाउल. एक लाथ, आणि खेळाडू मैदानाच्या मधून बाहेर फेकला जातो. पहिल्या कडव्यात त्याचं मधोमध असणं सांगितलं होतं ते नुसती जागा म्हणून. आता कळतं की ती जागाच हिरावली जायची होती. आणि पहिल्या कडव्यानंतर थेट इथंच त्याचं आडनाव पुन्हा येतं, तेही ‘खेळाडू’ असा हुद्दा लावून, हद्दपारीच्या हुकमावर यावं तसं. पुन्हा तेच यमक, तेच क्रियापद: या खेपेला ‘होती’ ती नवी व्यवस्था.

इथं कवीनं जे वगळलं ते पाहण्यासारखं आहे. सिंडेलारची सर्वांत नाट्यमय गोष्ट म्हणून जी सांगितली जाते ती ३ एप्रिल १९३८च्या सामन्याची. ऑस्ट्रियाचं जर्मनीत झालेलं विलीनीकरण साजरं करण्यासाठी प्राटरच्या स्टेडियममध्ये दोन्ही संघ खेळवले गेले. ऑस्ट्रियानं २-० असा विजय मिळवला. एक गोल सिंडेलारचा, एक सेस्टाचा. पूर्वार्धात सिंडेलारनं सोप्या संधी मुद्दाम गोलखांबाच्या बाहेर मारल्या आणि गोल झाल्यावर नाझी अधिकाऱ्यांच्या कक्षासमोर नाच केला, अशी कथा आहे. मुद्दामपणा आणि नाच यांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. गोल आणि निकाल पक्के आहेत. त्यानंतर जर्मन संघाकडून खेळायला त्यानं नकार दिला, वयाचं आणि दुखण्याचं निमित्त सांगून. पोवाडा लिहायचा तर याहून चांगलं कथानक कुठं मिळणार? टोरबेर्गनी ते सगळं सोडून दिलं. कारण त्यांच्या कवितेतला सिंडेलार झुंजत नाही. त्या सामन्याचा वीर केला असता तर तिसऱ्या कडव्यातलं ते छोटं वाक्य खोटं पडलं असतं. हसत हसत चकवणारा खेळाडू पाचव्या कडव्यात आहेच, ज्याला त्या दुपारची आठवण काढायची त्यानं काढावी.

आठव्या कडव्यात तो मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभा राहतो आणि घरी जातो. मग येतं ते विधान: फुटबॉलमध्ये आणि जगण्यातही व्हिएन्ना घराणं संपलं. मी ‘घराणं’ म्हणतो, कारण मराठी कानाला ते लगेच पोचतं. मूळ शब्दही संगीत, वैद्यक, अर्थशास्त्र या सगळ्यांतल्या व्हिएन्नाच्या परंपरांसाठी वापरला जाणाराच आहे. संगीतकार शोनबेर्ग १९३३मध्येच युरोप सोडून गेले होते. फ्रॉइड १९३८च्या जूनमध्ये लंडनला गेले. त्या यादीत टोरबेर्ग एका गवंड्याच्या पोराचं नाव बसवतात, कुठलाही गाजावाजा न करता, जणू त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. माझ्या मते इथं ही कविता क्लबच्या चाहत्याच्या शोकापलीकडे जाते.

नववं कडवं सर्वांत थंड आणि सर्वांत वादग्रस्त. जो मैदानावर चाली रचायचा तो आता घरी बसून रचतो. सगळं मैदान एका नजरेत घेणाऱ्या त्याच्या डोळ्यांना उरलेली एकमेव संधी दिसते: गॅसची तोटी. म्हणजे आत्महत्या. कवितेत ‘कदाचित’ नाही.

पोलिसांची नोंद वेगळी होती. बिघडलेल्या धुराड्यामुळे खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचला आणि झोपेत मृत्यू झाला, असा निष्कर्ष काढून प्रकरण मिटवलं गेलं. त्या इमारतीतल्या धुराड्याविषयी शेजाऱ्यांची आधीपासून तक्रार होती असंही सांगितलं जातं. त्या नोंदीवर तेव्हाही अनेकांचा विश्वास बसला नाही. कुणी खून म्हणालं, कुणी आत्महत्या. फार वर्षांनी त्याच्या एका मित्रानं सांगितलं की सन्मानानं दफन व्हावं म्हणून अधिकाऱ्याला पैसे देऊन अपघात लिहवून घेतला. खरं काय ते आता ठरवता येणार नाही. अपघातच असावा, असं मला कागदपत्रांच्या कलावरून वाटतं.

पण कवितेत धुराडं चाललं नसतं. तोटी फिरवायला हात लागतो. तुंबलेल्या धुराड्याला कुणाचाच हात लागत नाही. ज्याच्या प्रत्येक पासमागे विचार होता त्याचा शेवट कुणीही न केलेल्या गोष्टीनं व्हावा, हे चाहत्याला पचत नाही. त्यापेक्षा त्यानं ते स्वतः केलं असं मानणं बरं. निदान ती त्याची चाल ठरते. आल्फ्रेड पोल्गार हेही व्हिएन्नाचे, परागंदा, त्या वेळी पॅरिसमध्ये होते. बातमी येताच दोन दिवसांत त्यांनी तिथल्या जर्मन वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहिला. त्यात सिंडेलारचा खेळ बुद्धिबळाच्या पटाशेजारी ठेवला आणि शहराच्या मागोमाग तोही मरणात गेला, असा अर्थ त्या मृत्यूला दिला. म्हणजे दूर बसलेल्या दोघांनी, वेगवेगळ्या वाटांनी, तीच गोष्ट मानून टाकली.

ती त्यांना इतकी खरी का वाटली असेल? १९३८च्या त्या वसंतात व्हिएन्नातल्या ज्यूंमध्ये आत्महत्यांची लाट आली होती. लेखक एगोन फ्रीडेल यांनी १६ मार्चला, दारावर नाझी आले तेव्हा, खिडकीतून उडी टाकली. पोल्गार आणि फ्रीडेल जुने मित्र. तरुणपणी दोघांनी मिळून रंगमंचासाठी लिहिलेलं होतं. पुष्कळांनी गॅसचाच मार्ग धरला. टोरबेर्गच्या ओळखीपाळखीच्या जगात १९३८नंतर मरण आलं ते असं. त्यांनी सिंडेलारला, जो ज्यू नव्हता, आपल्या माणसांचं मरण दिलं. फुटबॉलपटूच्या नावानं काढलेल्या विलापिकेत बाकीचे सगळे गोळा झाले आहेत, आणि म्हणून नववं कडवं चरित्र म्हणून चुकीचं असलं तरी शोक म्हणून मला पटतं.

शेवटच्या कडव्यात तो एका दारातून जातो. गोल आणि दार, दोन्हीला जर्मनमध्ये एकच शब्द आहे, तेव्हा ही कोटी अटळ होती. विनोद करायची संधी कवीनं घेतली आणि विनोद मात्र होऊ दिला नाही. या गोलापाशी जल्लोष नाही, पलीकडे अंधार. मग पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा परत येतात. फावोरिटेन आणि नाव. ध्रुवपद परत आलं की आपल्याला एरवी दिलासा मिळतो; इथं तीच नोंद या वेळी दफनाच्या वहीतली वाटते.

आता कवितेबाहेरच्या दोन-तीन गोष्टी, ज्या रसिकानं कवितेशेजारी ठेवल्या पाहिजेत. एक, कवितेतला सिंडेलार लाथ बसताच मैदान सोडून घरी जातो. खरा सिंडेलार १९३८च्या डिसेंबरातही क्लबकडून बर्लिनमध्ये हेर्था संघाविरुद्ध खेळला. दुसरी गोष्ट अधिक अडचणीची. १९३८च्या उन्हाळ्यात त्यानं फावोरिटेनमध्ये एक कॅफे घेतला. मालक लेओपोल्ड ड्रिल हे ज्यू होते, आणि तो व्यवहार नाझींनी ज्यूंचे धंदे सक्तीनं काढून घेण्याच्या मोहिमेतला होता. ड्रिल पुढे तेरेझीनच्या छावणीत मेले. सिंडेलारनं इतरांपेक्षा बरी किंमत दिली असं त्याच्या बाजूनं सांगितलं जातं. क्लबचे ज्यू अध्यक्ष डॉ. एमानुएल श्वार्ट्झ यांना पदावरून हटवल्यावर, इतरांनी तोंड फिरवलं तरी त्यानं नमस्कार सोडला नाही, हेही सांगतात. दोन्ही सिंडेलार एकाच अंगात होते. या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या सन्मान-समाधीवरून व्हिएन्नात वाद झाला तो या कॅफेमुळेच. या माहितीनं कविता पडते असं मला वाटत नाही. फक्त खेळ सोडून आयुष्यातलं त्याला फारसं कळत नव्हतं, असं जे दुसरं कडवं सुचवतं, त्यावर आता सहज विश्वास बसत नाही.

आणि तिसरी. कवितेतल्या त्या दारातून सिंडेलार एकटा जातो. आनागासेतल्या खोलीत माणसं दोन होती. ती मैत्रीण, कामिला कास्तान्योला, त्याच्याशेजारी बेशुद्ध सापडली आणि शुद्धीवर न येता रुग्णालयात मेली. तोटीची कथा खरी मानली तर तिचा मृत्यू कुणाच्या हातून झाला, हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि त्याला चाळीस ओळींत जागा नाही. बावीस जणांच्या मैदानात चाहत्याला एकच दिसत राहतो, तो त्याचा हक्कच आहे. बंद खोलीच्या बाबतीत तो हक्क मी मानत नाही, आणि ही कविता कितीही वेळा वाचली तरी दहाव्या कडव्याशी मी अडखळतो तो इथं.